बेटावरची वीज आणि चार कोपऱ्यांचा रुमाल

रुमाल खिशातून काढायचा, त्याचा एक कोपरा चिमटीत धरायचा, करकचून गाठ मारायची आणि "बसली गाठ" म्हणून रुमाल परत खिशात टाकायचा. हे सगळं आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ समोरच्याच्या डोळ्यांत बघत करायचे. ज्याच्या नावाची गाठ बसली त्याला मराठी येत असो वा नसो, पुढचे आठ दिवस तो माणूस ऑफिसात जरा जपूनच चालायचा.

रुमालाला कोपरे चारच, म्हणून एका वेळी शत्रूही चारच, असा त्यांचा नियम होता. पाचवा कुणी वाटेला गेला तर ते त्याला शांतपणे सांगायचे, "सध्या जागा न्हाई." सूड उगवला की ती गाठ सोडायची, कोपरा मांडीवर ठेवून तळहातानं सरळ करायचा आणि मग चहा मागवायचा. तुमच्याही ओळखीत डूख धरणारं एखादं माणूस असेलच. पण इतक्या शिस्तीनं डूख धरणारं मी दुसरं पाहिलं नाही.

मीही काही कमी नाही. हा लेख मी मोठ्या मनानं लिहिते आहे असा कुणाचा समज झाला असेल तर तो आत्ताच सोडावा. यात एक साहेब येणार आहे. तो मराठी आहे, वयानं माझ्यापेक्षा मोठा आहे, तरी त्याला मी इथं अहोजाहो करणार नाही. ऑफिसात सहा वर्षं केलं, तेवढं पुरे झालं.

आमचं ऑफिस कतारमधल्या लुसैलमध्ये, एका काचेच्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर. कंपनी विजेची कामं करायची, त्यातही सौर जास्त. मी कागद आणि माल सांभाळायची, म्हणजे कुठलं ड्रॉइंग कधी गेलं, कुणी मंजूर केलं, कुठला कंटेनर हमद पोर्टवरून कुठल्या बोटीत चढला, हे सगळं माझ्याकडे. ते रुमालवाले डिझाइनला होते. वय पंचावन्नच्या पुढं, गाव कराडजवळ, शिक्षण डिप्लोमाचं. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायची आणि जेवणाच्या टेबलावर काका. ते मला चारचौघांत मॅडम आणि एरवी ताई म्हणायचे.

ते अल खोरला राहायचे आणि कंपनीच्या बसनं यायचे. सकाळी बस दक्षिणेकडे धावते, म्हणजे ऊन डाव्या अंगाला. ते नेहमी उजवीकडे बसायचे. एकदा हिशेबखात्यातला एक नवा माणूस त्यांच्या जागेवर बसला आणि उठवल्यावर उठला नाही. गाठ बसली. दुसऱ्या दिवसापासून काकांनी त्याच्याशी इतकी गोडीगुलाबी केली की मलाच शंका आली. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला सांगितलं, डावीकडून समुद्र फार छान दिसतो, तुझ्यासारख्या माणसानं तिकडं बसायला हवं. तो बिचारा मेपासून ऑक्टोबरपर्यंत समुद्र शोधत भाजत राहिला. नोव्हेंबरात गाठ सुटली.

पँट्रीतल्या माणसानं एकदा त्यांना बिनसाखरेचा चहा दिला आणि वर "इस उमर में यही अच्छा है" असं ऐकवलं. काकांनी त्या चहाची सगळ्या मजल्यावर इतकी तारीफ केली की निम्मं ऑफिस बिनसाखरेचा चहा मागायला लागलं. त्याला दोन भांडी चढवावी लागू लागली. तो हात जोडून आला तेव्हा कुठं "खलास, सुटली" म्हणाले.

असा हा माणूस एका बेटावर जाऊन आला आणि दोन महिने रुमालाला त्याचा हात लागला नाही.

ते बेट म्हणजे दक्षिण गोलार्धातला एक चिमुकला देश. नाव सांगत नाही, कारण त्या लोकांचा यात काही दोष नाही. सगळी वीज डिझेलवर चालायची आणि डिझेल बोटीनं यायचं. समुद्र खवळला की बोट चुकायची, मग पॉवरहाऊस सांभाळणारी इंजिनियर बाई गावं वाटून घ्यायची. सकाळी या टोकाला वीज, दुपारी त्या टोकाला. मासे ठेवायचा बर्फाचा कारखाना बंद पडायचा आणि दवाखान्यातल्या लसींचा फ्रिज ती स्वतःच्या देखरेखीखाली चालवायची. इकडचा काही निधी त्या देशाला मिळणार होता. त्यातून सूर्य-वाऱ्यावर वीज करता येईल का हे बघायला कंपनीनं काकांना तिथं तीन आठवडे पाठवलं.

ते त्या बाईच्याच घरी उतरले. तिचा नवरा मासेमारी करायचा. काकांनी त्यांना पिठलं करून घातलं आणि त्यांनी काकांना भाजलेले कंद खायला घातले. ती त्यांना म्हणाली होती, बोटीला उशीर झाला की रविवारी चर्चमध्ये लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही डिझेल मीच पिऊन टाकलंय. हे सांगताना काका हसले नाहीत. ते तिला सिस्टर म्हणायचे आणि माझ्याशी बोलताना "आपली भैन" म्हणायचे.

परत आल्यावर त्यांनी मला सगळी योजना डबा खाताना समजावून सांगितली. टेकडीच्या उतारावर सोलर पॅनेल. संध्याकाळसाठी कंटेनरात बसवलेल्या बॅटऱ्या. कड्यावर तीन पवनचक्क्या, त्याही बिजागरीच्या, वादळाची वर्दी आली की जमिनीवर आडव्या करायच्या. पावसाच्या दिवसांत ओढ्यावर एक छोटं टर्बाइन. डिझेल फक्त उरल्यासुरल्या वेळेला.

"ऊन म्हंजे भाकरी, ताई," ते म्हणाले. "रोज लागती. वारा म्हंजे कोरड्यास, आसलं तर जेवान होतं. वढा म्हंजे सनाची पोळी. बॅटरी म्हंजे बुट्टीत झाकून ठेवल्याली भाकरी. आन डिझेल म्हंजे हॉटेल. घरात काय नसलं तरच जायाचं."

मी लॉजिस्टिक्सची बाई. मला किलोवॅट कळत नव्हते, पण त्या दिवशी ते बेट कळलं.

अहवाल त्यांनी एकट्यानं लिहिला. इंग्रजी मी तपासलं. कंपनीला काम मिळालं, हॉटेलात सोहळा झाला आणि स्टेजवर साहेब गेला. अहवालाच्या पहिल्या पानावर त्याचं नाव होतं, दुसऱ्यावरही त्याचंच. परदेशी पाहुण्यांनी विचारलं, बेटावर कोण गेलं होतं? तेव्हा साहेबानं मागं बसलेल्या काकांकडे हात केला आणि म्हणाला, तो आमचा ड्राफ्ट्समन, मापं घ्यायला पाठवला होता. पुढच्या आठवड्यात काकांना बेटाच्या कामावरून काढून एका पार्किंगच्या दिव्यांचं काम दिलं. कारण विचारलं तर साहेब मराठीतून म्हणाला, "क्लायंटसमोर बोलणारा माणूस जरा प्रेझेंटेबल लागतो हो."

त्या दिवशी रुमालाला जी गाठ बसली ती मारताना त्यांच्या बोटांची नखं पांढरी झालेली मी पाहिली.

माझीही एक गाठ होती, रुमाल नव्हता एवढंच. नाशिकला माझ्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि साहेबानं रजा नाकारली होती. बोट सुटल्यावर जा, म्हणाला. बाबांना आत नेलं तेव्हा मी हमद पोर्टवर हेल्मेट घालून कंटेनरला सील लावत होते. बाबा वाचले. साहेबाला मी माफ केलं नाही, आणि ते बरंच झालं असं मला आजही वाटतं.

तर आता डाव आमच्या हातात कसा आला ते सांगते.

आमच्या ऑफिसात नवं डिझाइन कुणी कोऱ्या कागदावर सुरू करत नाही. जुन्या कामाचा फोल्डर उघडायचा, 'सेव्ह अॅज' करायचं, नाव बदलायचं आणि पुढं जायचं. इथली सगळी कामं वाळवंटातली, एकासारखी एक, त्यामुळे चालून जायचं. बेटाचं कामही साहेबाच्या हाताखालच्या दोन पोरांनी असंच केलं. एका दुपारी मी मालाची यादी बघत होते. त्यात पॅनेलवरची धूळ झाडायचे सुके ब्रश होते, मोटरवर चालणारे, दोन पेट्या भरून. मी काकांना विचारलं, त्या बेटावर धूळ असते का हो?

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिथं पावसाळ्यात एक दिवसाआड पाऊस पडतो, एरवीही गवतच गवत, म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, माझ्याकडून पॅनेलांच्या पायाचं ड्रॉइंग उघडून घेतलं. स्क्रीनवर बोट ठेवून एकेक रांग तपासत गेले.

"ताई," ते शेवटी म्हणाले, "सगळी पॅनेलं दक्षिणेकडं तोंड करून हायत."

मी म्हटलं, पॅनेलं दक्षिणेकडेच असतात ना. इथं तर सगळी तशीच आहेत.

इथं असतात, ते म्हणाले. आपण विषुववृत्ताच्या वर आहोत, आपला सूर्य दक्षिणेच्या अंगानं जातो. ते बेट खाली आहे. तिथं सूर्य वर्षातला बहुतेक काळ उत्तरेनं जातो. जूनमध्ये, त्यांच्या हिवाळ्यात, तो उत्तरेला खाली उतरलेला असतो, आणि त्याच महिन्यांत ओढाही आटतो. म्हणजे ज्या दिवसांत ऊन सगळ्यात जास्त हवं, त्या दिवसांत पॅनेलं त्याच्याकडे पाठ करून बसणार. काँक्रीटच्या पायात बोल्ट एकदा ओतले की ती फिरवायची म्हणजे टेकडीच उकरायची.

आणि त्या ड्रॉइंगवर, खाली उजव्या कोपऱ्यात, साहेबाची सही होती.

आमच्या दोघांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला आरशाशिवाय माहीत आहे. देवानं ताट वाढून पुढं ठेवलं होतं. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. काम पूर्ण होईल, जून येईल, वीज येणार नाही, पाहुणे चौकशी करतील आणि सही कुणाची हे मी काढून दाखवीन. आम्ही त्या दिवशी जेवणानंतर खजुराचा गोड पदार्थ मागवला. पुढचे तीन आठवडे साहेब केबिनमधून बाहेर आला की आम्ही दोघं त्याला अगदी मनापासून नमस्कार करायचो. तो खूश असायचा. आम्हीही.

मग बेटावरून एक पत्र आलं. असली पत्रं माझ्याकडून साहेबाकडे जातात. त्या पॉवरहाऊसच्या बाईनं विनयानं विचारलं होतं, आमच्याकडे दुपारी सूर्य उत्तरेला असतो, मग पॅनेलचं तोंड दक्षिणेला का ठेवलं आहे? सोमवारी पाया ओतायचा आहे, कृपया खुलासा करावा. साहेबानं ड्रॉइंग उघडलंसुद्धा नाही. एका ओळीत उत्तर दिलं, मंजूर ड्रॉइंगप्रमाणे काम करावे.

मी उड्या मारायचीच बाकी होते. आता तर सहीच्या जोडीला लेखी उत्तरही होतं. दोन्ही कागद छापून मी काकांच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, घ्या, आता पक्कं झालं.

त्यांनी तिचं पत्र दोनदा वाचलं. सोमवार म्हणजे किती दिवस, विचारलं. चार, मी म्हटलं. ते उठले आणि थेट लिफ्टकडे गेले. मी मागोमाग. खाली पार्किंगच्या कडेला, भर दुपारच्या उन्हात उभं राहून त्यांनी बेटावर फोन लावला. तिकडं किती वाजले असतील याचा विचारही केला नाही. त्यांच्या त्या कराडी इंग्रजीत त्यांनी तिला सांगितलं, सिस्टर, पाया ओतू नको. सगळं फिरव, तोंड उत्तरेकडं कर. माझ्या नावानं जूनचा हिशेब पाठवतो, तो तुमच्या मंत्र्याला दाखव.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर चिडले. चांगलीच चिडले. तीन आठवडे वाट बघितली ती कशासाठी, हे तुम्हालाच महागात पडेल, आणि तो नामानिराळा राहील, असं सगळं बोलले. त्यांनी घाम पुसला.

"डाव सायबावर हाय, ताई," ते म्हणाले. "तिनं काय केलंय?"

 मी आणखी चिडले.

मी म्हटलं तसंच झालं. बेटाच्या सरकारनं काम थांबवलं आणि काकांच्या हिशेबाची प्रत जोडून कंपनीला कळवलं. साहेबानं पहिल्यांदा काकांना बोलावलं. परवानगीशिवाय क्लायंटशी संपर्क केला, हा गुन्हा. नोकरी गेली, व्हिसा रद्द. मग त्यानं सुधारित ड्रॉइंग काढलं, पॅनेलं उत्तरेकडे, सही पुन्हा त्याचीच. आणि मला सांगितलं, जुनी प्रत आणि तो पत्रव्यवहार फोल्डरमधून काढून टाका, उगाच गोंधळ नको. मी "यस सर" म्हटलं. दोन्ही काढलं आणि माझ्या घरी कपाटात साड्यांखाली ठेवलं.

निरोपाचा केकसुद्धा झाला नाही. काकांनी टेबलाचा खण रिकामा केला, पट्टी, पंचा आणि लोणच्याची बाटली एका पिशवीत घातली. हिशेबखात्यातला तो उन्हात भाजलेला माणूस मात्र लिफ्टपर्यंत पिशवी घेऊन गेला. मी अल खोरच्या बसपर्यंत गेले. साहेबाचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, "ऱ्हायलं ते." बस निघाली तेव्हा ते सावलीच्या बाजूला बसले होते.

त्यांचं राहिलं असेल. माझं राहिलं नव्हतं.

दीड वर्षानं काम पूर्ण झालं आणि लुसैलच्या एका हॉलमध्ये सोहळा ठेवला गेला. बेटावरून चार माणसं आली, त्यांत ती बाईही होती. धिप्पाड, फुलाफुलांचा झगा, सगळ्यांशी हसून बोलणारी. साहेब स्टेजवर बोलत होता. पडद्यावर चित्रं बदलायचं काम माझ्याकडे होतं. हे काम त्यानं स्वतः मला दिलं होतं, हे इथं नमूद करते.

टेकडीचं चित्र आलं. पॅनेलांच्या रांगा, सगळ्या उत्तरेकडे. साहेब म्हणाला, स्थानिक परिस्थितीचा बारकाईनं विचार करून दिशा ठरवणं ही आमच्या डिझाइनची खासियत. तेव्हा ती बाई पहिल्या रांगेतून म्हणाली, माफ करा, आमच्याकडे राहिलेले ते गृहस्थ कुठं आहेत? मी त्यांना शोधते आहे.

साहेब हसला. ते सपोर्ट टीममध्ये होते, म्हणाला, आता सोडून गेले.

मी बटण दाबलं. पडद्यावर साड्यांखालचं ते पहिलं ड्रॉइंग आलं, तोंडं दक्षिणेकडे, कोपऱ्यात सही. मी ते दहापर्यंत मोजून तसंच ठेवलं. पुन्हा दाबलं. तिचं पत्र आलं आणि त्याखाली साहेबाचं एका ओळीचं उत्तर. तिनं ते मोठ्यानं वाचलं, मंजूर ड्रॉइंगप्रमाणे काम करावे. मग तिनं स्वतःच उभं राहून सांगितलं, फोन कुणाचा आला होता आणि हिशेब कुणी पाठवला होता.

हॉलमध्ये एसीचा आवाज येत होता. साहेबानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. बाबांना आत नेलं त्या दिवशी मला कसं वाटलं होतं ते त्याला त्या क्षणी कळलं असेल असं मी म्हणणार नाही, पण काहीतरी कळलं. महिनाभरात त्याची केबिन रिकामी झाली. मला कुणी हात लावला नाही, कारण कुठला कागद कुठं आहे हे तोवर फक्त मलाच माहीत होतं. सूड गोड नसतो असं म्हणणाऱ्यांनी तो कधी चाखलेला नसावा. मला तर त्या दिवशी हॉलमधला पाणचट चहासुद्धा गोड लागला.

हॉलच्या बाहेर येऊन मी कराडला फोन लावला. काका गावच्या पाण्याच्या टाकीची मोटर दुरुस्त करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. साहेब पाणी प्याला का, हे खोदून विचारलं. प्याला, मी म्हटलं, दोन ग्लास. सही किती मोठी दिसत होती? हाताएवढी. ते खुदुखुदु हसत राहिले, आणि मी तव्यावरच्या भाकरीसारखी फुगून उभी होते.

मग त्यांचं हसणं थांबलं.

"बरं ताई," ते म्हणाले, "आता जून गेला की. तिथं डिझेल किती तास लावावं लागलं?"

मी वळून हॉलच्या दाराकडे पाहिलं. ती बाई हॉलमध्ये दोन तास माझ्यापासून चार हातांवर होती. तिनं मला मिठी मारली होती, आम्ही एकत्र फोटो काढला होता, साहेबाच्या चेहऱ्यावर मनसोक्त हसलो होतो.

"काका, ते मी विचारलं नाही," मी म्हटलं.

पलीकडे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी ती बंद केली.

"आसू द्या," ते म्हणाले. "आजून आत आसंल ती. जावा, इचारून या. मी थांबतो."